स्थानिक संस्थांचे मत आणि विद्यमान सदस्य : वऱ्हाडातील एका फेरनिवडणुकीचा विचार

अकोल्याच्या दक्षिणेस वसलेले बार्शीटाकळी हे गाव संशोधकांस परिचित आहे ते तेथील प्राचीन देवळातील शके १०९८ च्या, म्हणजे इसवी सनाच्या बाराव्या शतकातील, हेमाद्रिदेवाच्या शिलालेखामुळे. या गावाचा विषय निघाला की आपल्या मंडळींचे लक्ष त्या शिळेकडे जाते व तेथेच थांबते. प्रस्तुत लेखात त्या शिळेविषयी काही सांगावयाचे नाही. अशा प्रशस्तिलेखांत सत्ता कोणाची, हे वंश आणि पराक्रम सांगून कळविलेले असते. त्याच गावच्या लोकप्रतिनिधींनी आपल्या काळात ज्या रीतीने एका सत्ताधिकाराचा निर्णय करण्यात भाग घेतला, त्या रीतीचा इतिहास येथे पाहावयाचा आहे. निमित्त आहे डिसेंबर २०२१ मध्ये अकोला-बुलढाणा-वाशिम स्थानिक प्राधिकारी संस्था मतदारसंघातून झालेल्या विधानपरिषदेच्या निवडणुकीचे. सलग तीन मुदती त्या जागेवर असलेले विद्यमान सदस्य श्री. गोपीकिशन बाजोरिया चौथ्यांदा उभे राहिले आणि पराभूत झाले.

अशी घटना इतिहासाच्या त्रैमासिकात कशास, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की, ज्या मार्गाने हे मतदान झाले तो मार्ग वऱ्हाडात शंभर वर्षांहून जुना आहे. मध्ये तो बुजला आणि पुन्हा उघडला. त्याचे टप्पे माहीत नसता २०२१ च्या निकालाचा जो अर्थ सामान्यतः लावला जातो तो अर्धवट राहतो.

प्रथम वऱ्हाडची जुनी स्थिती ध्यानात घ्यावयास हवी. १८५३ च्या तहाने हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला, तरी त्यावरील निजामाचे स्वामित्व कागदोपत्री कायम होते. १९०२ च्या करारान्वये निजामाने तो सालिना २५ लक्ष रुपयांवर इंग्रज सरकारास कायमच्या पट्ट्याने दिला, आणि पुढील वर्षी तो मध्यप्रांताच्या कारभारास जोडण्यात आला. जोडला खरा, परंतु कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हे, ही अडचण उरलीच. जो मुलूख आपला नव्हे तेथील रहिवाशांस आपल्या कायदेमंडळात निवडून देण्याचा अधिकार द्यावयाचा कसा?

या अडचणीतून जी युक्ती काढण्यात आली ती मोठी मौजेची आहे. मध्यप्रांताचे कायदेमंडळ १९१४ मध्ये सुरू झाले. त्यात चीफ कमिशनर वगळून २४ सभासद. पैकी ७ मध्यप्रांतातून निवडलेले आणि १७ सरकारनियुक्त. या १७ नियुक्तांतच वऱ्हाडचे तिघे होते. त्यांपैकी एकास वऱ्हाडातील म्युनिसिपालिट्यांनी, एकास डिस्ट्रिक्ट बोर्डांनी आणि एकास जमीनदारवर्गाने मते देऊन ठरवावयाचे, आणि मग त्या नावाची सरकारने नेमणूक करावयाची. निवड लोकांची, नेमणूक सरकारची! १८९२ च्या कौन्सिल कायद्यानेही ‘निवडणूक’ हा शब्द टाळून स्थानिक संस्थांनी नाव सुचवावे व सरकारने ते नेमावे, अशीच वाट काढली होती. इतर प्रांतांत ती १९०९ च्या सुधारणांनी मागे पडली. वऱ्हाडात निजामाच्या स्वामित्वामुळे तिचा अवशेष पुढेही राहिला. १९१९ च्या कायद्यानंतर वऱ्हाडचे मतदार प्रत्यक्ष मते देऊ लागले, तथापि निवडून आलेल्या सभासदाची नेमणूक करावयाची आणि त्यास निवडलेला मानावयाचे, ही तरतूद तशीच ठेवावी लागली. मध्यवर्ती कायदेमंडळातील लोकनायक बापूजी अणे यांच्या नावापुढे ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ असा जो वेगळा उल्लेख येतो, त्याचे मूळ या व्यवस्थेत आहे. तो मानाचा किताब नव्हे. काही संग्राहक अशा कागदांतील ‘नियुक्त’ हा शब्द पाहून त्या गृहस्थास सरकारी मर्जीतला ठरवितात. वऱ्हाडच्या बाबतीत तसा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल.

सारांश, वऱ्हाडात कायदेमंडळाकरिता ज्यांनी प्रथम मते दिली ते रयतेपैकी कोणी नव्हते, तर नगरांचे आणि बोर्डांचे सभासद व जमीनदार होते. या स्थानिक संस्थाही त्या वेळी तशा नव्याच. १८८५ चा ग्रामीण बोर्डांचा आणि १८८६ चा म्युनिसिपालिट्यांचा, असे वऱ्हाडचे दोन स्वतंत्र कायदे लॉर्ड रिपनच्या धोरणानंतर झालेले आहेत.

योगायोगाची गोष्ट अशी की, वऱ्हाडात हा अप्रत्यक्ष निवडणुकीचा मार्ग सुरू झाला त्याच्या आदल्या वर्षी, १९१३ मध्ये, अमेरिकेने तो सोडला. त्या देशाच्या वरिष्ठ सभागृहाचे सभासद, म्हणजे सेनेटर, तोवर प्रत्येक राज्याचे कायदेमंडळ निवडून देत असे. सतराव्या घटनादुरुस्तीने ती निवड थेट मतदारांकडे गेली. आपल्याकडे १९२० च्या निवडणुकीपासून मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात प्रादेशिक मतदारसंघ आले आणि स्थानिक संस्थांचे हे स्वतंत्र मत लोपले. १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ मध्ये जी प्रांतिक असेंब्ली आली ती ११२ सभासदांची व एकगृही होती. स्वातंत्र्यानंतर वऱ्हाड मध्यप्रदेशात होते तेव्हाही तेथे वरिष्ठ सभागृह बसले नाही. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्यात विधानपरिषद १९३७ पासून चालू होती. म्हणून आपल्या नगरपालिकांस आणि जिल्हा संस्थांस हे मत पुन्हा लाभले ते सुमारे छत्तीस वर्षांच्या खंडानंतर. आज महाराष्ट्राच्या विधानपरिषदेत ७८ सभासद आहेत: ३० विधानसभेने निवडावयाचे, २२ स्थानिक संस्थांनी, पदवीधर व शिक्षक यांचे प्रत्येकी ७, आणि राज्यपालनियुक्त १२. अकोला, बुलढाणा व वाशिम या तीन जिल्ह्यांची मिळून जी एक जागा आहे ती त्या २२ पैकी होय.

आता या जागेचा मतदार कोण, ते पाहू. २०२१ च्या यादीत ८२२ मतदार होते. जिल्हा परिषदेचे सदस्य अकोल्यास ५३, वाशिमास ५२, बुलढाण्यास ६०; मिळून १६५. पंचायत समित्यांचे सभापती अकोल्याचे ७, वाशिमचे ६, बुलढाण्याचे १३, मिळून २६. दोन्ही पूर्ण संख्येने धरले तरी १९१ होतात, म्हणजे एकंदर मतदारांच्या चौथ्या हिश्शाहून कमी. बाकीचे सारे अकोला महानगरपालिकेचे आणि लहानमोठ्या नगरपरिषदा व नगरपंचायतींचे. तिन्ही जिल्ह्यांत लोकसंख्या खेड्यांची अधिक. पण ही जागा मात्र खऱ्या अर्थाने नगरांची जागा आहे. ग्रामपंचायतीच्या सदस्यास महाराष्ट्रात हे मत नाही, कर्नाटकात ते आहे. त्यामुळे गाव कितीही मोठे असले तरी तेथे ग्रामपंचायत आहे तोवर त्याचा आवाज तालुक्यातून गेलेल्या जिल्हा परिषद सदस्यांच्या व पंचायत समितीच्या सभापतींच्या द्वाराच पोहोचतो. तेच गाव नगरपंचायत झाले की त्याचा प्रत्येक नगरसेवक मतदार होतो. बार्शीटाकळी आज नगरपंचायतीचे गाव आहे. पाटी बदलल्याने या यादीत गावाचे वजन किती पटींनी वाढते, याचा विचार स्थानिक इतिहास लिहिणारांनी अद्याप केलेला दिसत नाही. नगरपंचायतीच्या स्थापनेची अधिसूचना म्हणजे केवळ दिवाबत्ती व नळपट्टी यांचा कागद, असे समजून आपण ती टाकून देतो.

मतदान १० डिसेंबर २०२१ रोजी झाले, मोजणी १४ रोजी. ८२२ पैकी ८०८ जणांनी मत दिले. भारतीय जनता पक्षाचे श्री. वसंत खंडेलवाल यांस ४४३, शिवसेनेचे व महाविकास आघाडीचे उमेदवार श्री. बाजोरिया यांस ३३४, आणि ३१ मते अवैध. अंतर १०९ चे. ही निवडणूक पसंतीक्रमाची असते. एकाच जागेचा प्रश्न असल्याने वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते, म्हणजे ७७७ वैध मतांपैकी ३८९, विजयास पुरेशी होती. ती पहिल्या पसंतीतच पूर्ण झाल्यामुळे दुसऱ्या पसंतीची मते मोजण्याचा प्रसंग आला नाही. त्याच वेळी राज्यातील मुंबईच्या दोन आणि कोल्हापूर व धुळे-नंदुरबार येथील प्रत्येकी एक जागा बिनविरोध ठरल्या. प्रत्यक्ष सामना झाला तो नागपूर आणि अकोला येथेच, म्हणजे दोन्ही ठिकाणी विदर्भात.

अवैध मतांविषयी थोडे सांगितले पाहिजे. येथे यंत्र नसते, कागदी मतपत्रिका असते. निवडणूक अधिकाऱ्याने दिलेल्या लेखणीने उमेदवाराच्या नावापुढे पसंतीचा आकडा लिहावयाचा असतो. तो अंक देवनागरीत लिहिला तरी चालतो. खूण केली, सही केली, आकड्याऐवजी अक्षरात ‘एक’ लिहिले, तर मत बाद. मतदार सारे स्वतः निवडणुका लढवून आलेले. तरी शंभरात जवळजवळ चार मते वाया गेली. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासलेल्या मनुष्यास याचे आश्चर्य वाटत नाही. सूचना वाचणे हा गुण परीक्षार्थ्यांत नेहमीच दुर्मिळ असतो. यांतील काही मते जाणूनबुजून बाद केली गेली असतील काय, हा तर्क करणे सोपे, सिद्ध करणे अशक्य. निकालापुरते पाहता त्यांचे महत्त्व नाही, कारण ती ३१ मते सर्व एका बाजूस घातली तरी ३३४ चे ३६५ होतात, ४४३ होत नाहीत.

अठरा वर्षे जागा सांभाळलेला सदस्य का हरला? त्या वेळच्या वर्तमानपत्रांत पक्षांच्या संख्याबळाची गणिते आली आणि अमक्या पक्षाची मते फुटली, तमक्याची राहिली, असे लिहिले गेले. आमच्या मते इतिहासकाराने अशा वाक्यांस प्रमाण मानू नये. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून आमदारास आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीस दाखवावी लागते. स्थानिक संस्थांच्या या निवडणुकीत मत गुप्त आहे. बौद्ध विनयग्रंथांत भिक्षुसंघातील मतभेद शलाका वाटून मिटविण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत, गूळ्हक, सकण्णजप्पक आणि विवटक. म्हणजे गुप्त, कानात सांगून केलेला आणि उघड. राज्यसभेची आजची रीत दुसऱ्या प्रकाराशी जुळते, ही जागा पहिल्याशी. गूळ्हक प्रकारात कोणी कोणती शलाका घेतली हे सांगावयाचे नसते. मग आपण ते तर्काने लिहून ठेवणे अप्रमाण होय.

जे प्रमाणाने सांगता येते ते निराळेच आहे, आणि तेच या लेखाचे मुख्य प्रतिपाद्य होय. विद्यमान सदस्य म्हटला की त्यास पूर्वीच्या मतदारांनी पुन्हा निवडावयाचे, अशी आपली समजूत असते. विधानसभेच्या मतदारसंघात ती बव्हंशी खरीही आहे. या जागेचा प्रकार उलटा. श्री. बाजोरिया यांची तिसरी निवड डिसेंबर २०१५ मधील. तेव्हाच्या मतदारांपैकी बहुतेकांची मुदत पुढील दोन वर्षांच्या आत संपली. नगरपरिषदांच्या निवडणुका २०१६ च्या अखेरीस झाल्या. अकोला महानगरपालिका आणि बुलढाणा जिल्हा परिषद यांच्या फेब्रुवारी २०१७ मध्ये झाल्या. अकोला व वाशिम जिल्हा परिषदांच्या जानेवारी २०२० मध्ये झाल्या. एवढ्यानेही संपले नाही. राखीव जागांच्या मर्यादेविषयी मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. तो ज्या याचिकेवर दिला तिचे मूळ वाशिम जिल्ह्यातच होते. त्या निर्णयाने अकोल्याच्या १४ व वाशिमच्या १४ सदस्यांची पदे गेली आणि ५ ऑक्टोबर २०२१ रोजी त्या जागांसाठी पुन्हा मतदान झाले. म्हणजे मतदारयादीतील २८ जागांवर विधानपरिषदेच्या मतदानापूर्वी अवघे दोन महिने आधी निवडलेले लोक बसले होते.

तात्पर्य, २०१५ मध्ये ज्या संस्थांनी त्यांस निवडले त्या संस्था नावाने तेवढ्या उरल्या होत्या. त्यांतील सभासदत्व जवळजवळ सर्वच नव्या निवडीचे होते. काही व्यक्ती त्याच असतील, पण त्यांचा मताधिकारही नव्या निवडीवर उभा होता. शिवाय मध्यंतरी पक्षांची मांडणी उलटली. २०१५ मध्ये शिवसेना व भारतीय जनता पक्ष राज्याच्या कारभारात एकत्र होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते विरुद्ध बाजूंस गेले. नगरांचे बहुतेक मतदार मात्र २०१६-१७ मध्ये, म्हणजे त्या फुटीच्या आधी, निवडले गेलेले. मतदार एका काळाचे आणि आघाडी दुसऱ्या काळाची, अशा स्थितीत विद्यमान सदस्यास अठरा वर्षांच्या परिचयाचा लाभ किती झाला असेल? परिचय व्यक्तींशी असतो, आणि व्यक्तीच बदलल्या होत्या. पराभवाचे एकमेव कारण हेच, असे आम्ही म्हणत नाही. ज्या कारणास कागदाचा आधार आहे असे मात्र हेच एक दिसते.

पक्ष बदललेल्या परिस्थितीत विद्यमान सभासदांनी पुन्हा कौल मागण्याचा प्रसंग वऱ्हाडास नवा नाही. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यासच केळकर, जयकर, मुंजे, अणे या मंडळींनी प्रतियोगी सहकारितेचा पक्ष उभा केला आणि १९२३ मध्ये स्वराज्यपक्षाच्या नावावर निवडून आलेले कित्येक सभासद त्याच वर्षाच्या अखेरीस निराळ्या नावाने मतदारांपुढे गेले. फरक इतकाच की, त्या वेळी सभासद बदलले होते आणि मतदार तेच होते. २०२१ मध्ये सभासद तोच आणि मतदार बदललेले.

येथे एका जुन्या लेखाची आठवण होते. कांचीपुरमजवळील उत्तरमेरूर येथे चोळ राजा परांतक याच्या काळचे, इ. स. ९१९ व ९२१ चे, ग्रामसभेच्या निवडणुकीविषयीचे दोन शिलालेख आहेत. तीस वाड्यांतून योग्य पुरुषांची नावे ताडपत्रांवर लिहून घड्यात टाकावयाची आणि एका लहान मुलाकडून ती काढवावयाची. पात्रतेच्या अटी कडक: कर भरणारी जमीन, स्वतःच्या जागेवरील घर, वय ३५ ते ७०, वेदाध्ययन. आपल्या विषयाशी संबद्ध अट अशी की, गेल्या तीन वर्षांत जो कोणत्याही समितीवर होता त्याचे नाव घड्यात घालावयाचेच नाही. आणि समितीवर असता ज्याने हिशेब दिला नाही तो व त्याचे आप्त कायमचे अपात्र. म्हणजे विद्यमान सदस्याच्या फेरनिवडणुकीचा प्रश्नच त्या सभेने उद्भवू दिला नाही. आपल्या राज्यघटनेने तशी बंदी घातलेली नाही. सहा वर्षांची मुदत कितीही वेळा मागता येते. चोळांच्या त्या सभेची मुदत एका वर्षाची आणि सदस्यांची निवड चिठ्ठीने होती, म्हणून ती अट तेथे शक्य झाली. आपल्याकडील काही लेखक उत्तरमेरूरचे नाव घेऊन आजच्या लोकशाहीचे मूळ तेथे दाखवितात; पण त्या लेखातील ही अट मात्र सोडून देतात. साम्य दाखवावयाचे तर भेदही दाखविला पाहिजे.

आता संग्राहकांस दोन शब्द. मतपत्रिका ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याचा नियमच आहे, तेव्हा त्यांचा मोह धरू नये. उरते ती मतदारयादी. सामान्य निवडणुकीच्या यादीहून ही यादी फार निराळी असते. तीन जिल्ह्यांतील प्रत्येक नगराचे व जिल्हा संस्थेचे सभासद कोण होते, याचे एका विशिष्ट दिवसाचे संपूर्ण चित्र तिच्यात मिळते. एखाद्या नगराचा इतिहास लिहावयाचा तर असे चित्र दुसऱ्या कोणत्याच एका कागदात सापडत नाही. १९१४ ते १९२० या काळासाठी मध्यप्रांत गॅझेटातील अधिसूचना पाहाव्यात. दादासाहेब खापर्डे यांच्या रोजनिशा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सुरक्षित आहेत, म्हणून अमरावतीकडील त्या पिढीचे राजकारण आपणास दिवसवार वाचावयास मिळते. आजच्या नगरसेवकांच्या घरची पत्रके, सभेच्या नोटिसा व मागण्यांच्या यादींचे कागद मात्र रद्दीच्या तराजूवर चढतात. बार्शीटाकळीत शिळेवरील अक्षरांचे ठसे घेण्यास जाणाऱ्या अभ्यासकाने परतताना पंचायत समितीच्या जुन्या दप्तराची चौकशी करून यावी.

२०२१ च्या यादीविषयी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. मतदान झाल्यावर काही महिन्यांतच तीन जिल्ह्यांतील बहुतेक नगरपरिषदांची, अकोला महानगरपालिकेची आणि बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत संपली. त्या ठिकाणी प्रशासक बसले आणि कित्येक वर्षे निवडणुका झाल्या नाहीत. नवे सदस्य जानेवारी २०२२ मध्ये सहा वर्षांकरिता विधानपरिषदेत गेले, तेव्हा त्यांस निवडून देणाऱ्यांपैकी पुष्कळांची नावे नगरपरिषदांच्या हजेरीबुकांतून निघून गेली होती किंवा निघण्याच्या बेतात होती.